‘ताई, तिथं नुसती रेती आहे’

पत्र गुहागर तालुक्यातून आलं आहे. नाव-गाव वगळून थोडक्यात देते.

“ताई, माझे मिस्टर दोन वर्षांपासून राजस्थानात, पोखरणच्या पुढे एका सौरऊर्जा प्रकल्पावर कामाला आहेत. जवळच्या गावात भाड्यानं दोन खोल्या घेतल्यात. यंदा मे महिन्यात पाच वर्षांच्या लेकीला घेऊन मी पहिल्यांदाच तिकडे गेले. महिनाभर राहायचं ठरवलं होतं, बाराव्या दिवशी परत आले. दुपारी दार उघडलं की भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं वाटायचं. एक दिवस आंधी आली, भरदुपारी दिवे लावले, ताटातल्या भातात वाळू. लेकीच्या नाकातून दोनदा रक्त आलं. समुद्र नाही, झाड नाही, पाणी दिवसाआड. ताई, तिथं नुसती रेती आहे. माणसं राहतात कशी? आता हे म्हणतात, दिवाळीनंतर दोघी कायमच्या या, नाहीतर मी काम सोडून येतो. काम सोडलं तर इथं दुसरं काय मिळणार? सासूबाई तोंडानं ‘जा’ म्हणतात, पण वाडीत आधीच चार घरांना कुलपं आहेत. मी काय करू? गेले नाही तर मी स्वार्थी ठरते का?”

अगं, तुला एकेरीच हाक मारते. वयानं तुझ्या सासूबाईंच्या बरोबरीची असेन. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तू स्वार्थी नाहीस. लेकीच्या नाकातून रक्त आलेलं बघून जी आई तिला घेऊन घरी परतते, तिला कुणी स्वार्थी म्हणू नये, आणि तिनं स्वतःही म्हणू नये.

मी ऐकीव काही सांगत नाही. ह्यांच्या बदलीमुळे १९८९ ते १९९५ अशी सहा वर्षं मी जैसलमेरात संसार केला. माहेर दापोलीकडचं, सासर रत्नागिरी. आयुष्यात कोरडी हवा अशी अनुभवलेलीच नव्हती. पहिल्या मे महिन्यात मीही दार लावून रडले. परत आले नाही ते रिझर्वेशन मिळालं नाही म्हणून. त्यामुळे तुझं पत्र वाचताना भातातली ती वाळू माझ्या दाताखाली आली.

तू तिथला मे महिना पाहून आलीस. आता असं समज, कुणी पाहुणा मे महिन्यात आपल्याकडे आला आणि त्याला आपण फक्त सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, दाखवला. जांभ्याचा काळपट कातळ तव्यासारखा तापलेला, गवत करपून गेलेलं, विहिरीच्या तळाशी गढूळ पाण्याचा हातभर थर, वाडीत टँकरची वाट बघत लागलेली कळशांची रांग. तो म्हणेल, कोकण म्हणजे नुसता कातळ. त्याला कसं सांगणार, की याच सड्यावर ऑगस्टमध्ये पाय ठेवायला जागा नसते, सीतेच्या आसवांनी सगळा निळा-जांभळा झालेला असतो! आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात हंडे फिरतात. जैसलमेरकडे वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आतबाहेर. आपल्याकडे जुलैत एखाद्या दिवसातच तेवढा कोसळतो. एवढ्याशा पावसावर तिथली माणसं शेकडो वर्षं राहिली. जैसलमेर वसलं ११५६ मध्ये. तेव्हा ‘माणसं राहतात कशी’ हा प्रश्न तू अगदी बरोबर विचारलास. तो मात्र तिथल्या बायकांना विचारायला हवा, आणि विचारायला तू हिवाळ्यात जायला हवंस.

आधी त्रासाचं बोलते, कारण तो खोटा नाही. पोखरणपासून फार लांब नसलेल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. लू, म्हणजे उन्हाळी गरम वारा, लागून माणसं मरतात. मोकळ्या शिवारात बहुतेक ठिकाणी जमिनीतलं पाणी खारं, पुष्कळ ठिकाणी त्यात फ्लोराइड. विक्रम संवत १९५६ चा दुष्काळ, म्हणजे १८९९-१९०० सालचा, तिथले लोक अजून ‘छपनिया’ म्हणतात, घरातल्या माणसाचं नाव घ्यावं तसं. पाऊस चुकला की गुरं घेऊन कितीतरी कुटुंबं आजही शेकडो मैल चालत बाहेर पडतात. यात सुंदर काही नाही, आणि वाळवंटाचं सौंदर्य सांगताना जो हे झाकतो त्याचं ऐकू नकोस.

आता एक प्रसंग सांगते. जैसलमेरात पोचून आठवडा झाला होता. मी तांदूळ धूत होते, आपल्या सवयीनं तीन पाण्यांनी. पहिलं पाणी मोरीत ओतलं. शेजारच्या म्हाताऱ्या माँसा दारात उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. आत आल्या, दुसऱ्या पाण्याचं पातेलं माझ्या हातातून घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून, थेंब न सांडता, त्यांच्या बकरीपुढे नेऊन ठेवलं. बकरीनं ते संपवून पातेल्याचा तळ चाटला. मग माँसांनी अंगणातली मूठभर रेती घेतली, पातेलं खसाखसा घासलं, पदरानं पुसलं आणि मला परत दिलं. आपल्या चिंचेनं घासलेल्या भांड्याइतकं लख्ख. पाण्याचा एक थेंब न लावता. मी खजील झाले, पण त्या रागावल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या घरची आंघोळ दाखवली. सुंभाच्या खाटेवर नातू बसलेला, खाटेखाली मोठी परात, तांब्याभर पाणी अंगावरून परातीत, आणि परातीतलं गुरांना. तूप सांडलं तर काही जात नाही, पाणी सांडलं तर जीव जळतो, अशा अर्थाची म्हणच आहे तिकडे.

त्यांच्या भाषेत पाण्याला तीन नावं आहेत. आभाळातून पडून साठवलेलं ते पालर पाणी, खोल विहिरीतलं ते पाताळ पाणी, आणि या दोहोंच्या मधलं, रेतीत ओल होऊन राहिलेलं, ते रेजाणी पाणी. हे तिसरं मला सगळ्यांत नवलाचं वाटलं. काही भागांत रेतीच्या खाली खडियाचा, म्हणजे जिप्समसारख्या पांढऱ्या मातीचा थर असतो. त्याच्या खालचं पाणी खारं. पावसाचं पाणी रेतीतून झिरपतं, त्या थरावर अडतं आणि ओलीच्या रूपात गोडं राहतं. तिथं जेमतेम एक माणूस बसेल एवढी अरुंद कुईं खणतात. खणणारा आत उकिडवा बसून आखूड दांड्याच्या अवजारानं खणतो, आणि वर उभे असलेले अधूनमधून मूठ मूठ रेती जोरात खाली फेकतात, म्हणजे तिच्याबरोबर ताजी हवा तळापर्यंत जाते. मग त्या रेतीतली ओल थेंब थेंब कुईंत उतरते. दिवसाकाठी दोन-चार घागरी. पुन्हा झाकण, पुन्हा उद्या. आपण पोहरा सोडला की भरून येतो, त्या आपल्याला हे कळायला वेळ लागतो. मला लागला.

घरोघरचं साधन मात्र टांका. अंगणात किंवा शेतात गोल खड्डा, आतून गिलावा, वर झाकण, भोवती उतार देऊन चोपलेली स्वच्छ जमीन. पावसाचं पाणी त्या उतारावरून टांक्यात. त्या जमिनीवर कुणी चप्पल घालून जात नाही. तू राहशील त्या घराला टांका आहे का, हे मिस्टरांना आजच विचार. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी १९८७ मध्ये जैसलमेर जिल्ह्यापर्यंत पोचलं, म्हणजे आम्ही जायच्या दोनच वर्षं आधी. आता नळ आले, पण दिवसाआडच्या नळापेक्षा भरलेल्या टांक्यावर तिथली बाई जास्त विसंबते, आणि ती बरोबर करते.

तू लिहिलंस, झाड नाही. गणपतीला आपण एकवीस पत्री वाहतो, त्यातली शमी, रुई आणि बोर आठव. दरवर्षी कुणाच्या तरी परसातून शोधून आणतेस ना? ही तिन्ही त्या रेतीतली आहेत. खिडकीतून तुला जे काटेरी, धुळकट, वेडंवाकडं झाड दिसलं असेल ती खेजडी, म्हणजे आपली शमी. मुळं खूप खोल जातात. सगळं करपलेलं असताना, ऐन उन्हाळ्यात तिला नवी पालवी फुटते. तिच्याखाली बाजरी चांगली येते म्हणून शेतकरी ती शेतात राखतो. पाला उंट-बकऱ्यांना, शेंगा माणसांना. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसं ही झाडं तोडायला आली, तेव्हा अमृतादेवींसह बिश्नोई पंथाचे ३६३ जण झाडांना मिठी मारून उभे राहिले आणि कापले गेले. पुढच्या दसऱ्याला शमीचं नाव घेशील तेव्हा हे लेकीला सांग.

इथं मनातलं एक बोलते. मिस्टर ज्या क्षेत्रात आहेत त्या सौर प्रकल्पांसाठी खेजडी तोडली जाते म्हणून तिकडे लोक रस्त्यावर उतरले आहेत. गावोगावी राखलेली ओरणं, म्हणजे आपल्या देवरहाटीसारखीच देवाच्या नावानं सोडलेली रानं, त्यांतून विजेच्या तारा नेण्यालाही विरोध आहे. त्या तारांवर आदळून माळढोक मरतात. तो पक्षी राहिलाय तोच मुळी थोडा. मिस्टरांनी नोकरी सोडावी असं मी म्हणत नाही, वीज सगळ्यांनाच हवी. पण तुम्ही ‘प्रकल्पवाल्यांचं घर’ म्हणून त्या गावात राहणार आहात. शेजारीण कधी तुटक बोलली तर त्यामागे हे असू शकतं. तिच्या ओरणात आपण चप्पल काढून जावं, जसं आपल्या देवरहाटीत काटकीसुद्धा उचलत नाही. ती ते बघेल.

खाण्याची काळजी करू नकोस. आगोटीला तू जी बेगमी करतेस, आंबोशी, सांडगे, सुकी मासळी, तशीच त्यांची केर-सांगरी. केर ही काटेरी झुडपाची बोरासारखी फळं आणि सांगरी खेजडीच्या कोवळ्या शेंगा, वाळवून वर्षभर पुरवायच्या. बाजरीची भाकरी तुला घशाखाली उतरायला महिना लागेल. ताक मात्र पहिल्या दिवसापासून आवडेल.

आणि फुरसं. रत्नागिरीच्या माणसाला ते शिकवायला नको. तिथं त्याला बांडी म्हणतात, रेतीत अंग पुरून बसतं. रात्री अंगणात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, चपला झटकून घालायच्या, डसलं तर झाडपाल्याच्या नादी न लागता तडक दवाखाना. सड्यावर जे नियम पाळतेस तेच.

आता जे पाहायचं राहून गेलं ते सांगते. नोव्हेंबरपासून पुढं तिथली दुपार अंगावर घ्यावीशी वाटते. हवेत दमटपणा नाही, त्यामुळे सूर्य मावळला की रेती भराभर निवते आणि पहाटे गोधडीतून हात बाहेर काढवत नाही. गोधडी मुद्दाम म्हटलं, कारण तिथल्या बायका जुन्या कापडाचे तुकडे जोडून राळी शिवतात, ती बघशील तर आपली वाकळच वाटेल. पहाटे लेकीला घेऊन गावाबाहेरच्या धोऱ्यावर जा. धोरा म्हणजे रेतीचा डोंगर. ओहोटीनंतर पुळणीवर असतात तशाच लाटा तिथं वाऱ्यानं काढलेल्या असतात, फक्त त्या ओल्या नसतात. आणि पुळणीवर कुर्ल्यांची नक्षी असते ना, तशी तिथं रात्रभर हिंडलेल्यांची. किड्याची बारीक दुहेरी शिवण, उंदराच्या उड्या, कोल्ह्याची सरळ रेघ. ऊन वर आलं, वारा सुटला की सगळं पुसलं जातं. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. तो ‘रात्रीचं वर्तमानपत्र वाचायला’ म्हणून रोज मला ओढून न्यायचा.

फलोदीजवळच्या खीचनला हिवाळाभर हजारो कुरजां येतात, आपण ज्यांना कांड्या करकोचा म्हणतो ते. गावकरी त्यांना रोज दाणे घालतात. स्वतःच्या पाण्याला मोताद असलेलं गाव परदेशी पाहुण्यांना दाणे घालतं! मी तिथं उभी राहिले आणि मला घरची आठवण आली, पण रडू आलं नाही. जैसलमेरात आल्यापासून तो पहिला दिवस. शिमग्याच्या सुमारास रोहिडा फुलतो, पिवळा-केशरी, पानांपेक्षा फूल जास्त. आणि कधीतरी जुलैचा पहिला पाऊस बघ. आपल्याकडे पाऊस आला की आपण दारं लावतो. तिथं सगळं गाव बाहेर येतं. टांक्याच्या तोंडाशी माणसं वाकून उभी असतात, आत पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत.

तर तू काय करावंस? मिस्टरांच्या बोलण्यातला ‘कायमच्या’ हा शब्द सध्या बाजूला ठेवा. तुळशीचं लग्न उरकून तू आणि लेक निघा, आणि शिमग्याला पालखी घरी यायच्या आत परत या. चार महिने. त्यांनी तोवर नोकरी सोडायची नाही, तू इथलं घर बंद करायचं नाही. एप्रिल, मे, जून तू इथंच राहा. पहिल्या वर्षी त्या लहान जिवाला तिथल्या उन्हाळ्यात नेण्याची काही गरज नाही, आणि ते तुझं हरणं नाही. तिथल्या गुराखी माणसांनाही वाईट दिवसांत गाव सोडावं लागतं, पाऊस पडला की ते परततात. पुढच्या वर्षी लेकीची पहिली येईल, तेव्हा शाळेचा प्रश्न खरा उभा राहील. पण तोवर तू तो देश दोनदा पाहिलेला असशील, एकदा उन्हाळ्यात, एकदा हिवाळ्यात. आज फक्त एकदाच पाहिलायस.

जाण्याआधी मिस्टरांकडून चार गोष्टी पक्क्या करून घे. पिण्याचं पाणी कुठलं, आणि ते तपासलंय का. खोल्यांवर पत्रा आहे की दगडी पट्ट्यांचं छत. पत्रा असेल तर घर बदला, मग भाडं चार पैसे जास्त पडलं तरी चालेल. मुलांचा डॉक्टर किती अंतरावर. आणि शेजारी कुणी म्हातारी बाई आहे का. या शेवटच्या गोष्टीला ते हसतील. हसू देत, पण उत्तर घे.

नाकातल्या रक्ताबद्दल: जायच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखव, म्हणजे मनातली भीती जाईल. पुष्कळदा कोरड्या हवेनं नाकाची आतली त्वचा तडकून तसं होतं. पुन्हा आलंच तर मान मागे टाकायची नाही. बसवायचं, थोडं पुढं वाकवायचं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा. नाही थांबलं तर दवाखाना. आणि पाणी तहान लागायच्या आधी प्यायला द्यायचं. आपल्याकडे घामाच्या धारा लागतात म्हणून कळतं. तिथं घाम येतो आणि तिथल्या तिथं वाळतो, अंगातलं पाणी गेलेलं समजतच नाही. तू बारा दिवस डोकं दुखतंय म्हणून पडून राहिली असशील, तर ते बहुधा यामुळेच.

सासूबाईंचं. त्या ‘जा’ म्हणतात ते खरं आहे आणि त्यांना एकटं वाटेल हेही खरं आहे. त्यांना एकट्या ठेवून जाऊ नकोस, आणि त्यांच्यासाठी म्हणून थांबूही नकोस. पौष-माघात महिनाभर त्यांनाही ने. एर्नाकुलमहून अजमेरला जाणारी गाडी आपल्या कोकण रेल्वेवरून जाते, तिचं नाव मरुसागर. पुढं जोधपूरमार्गे पोखरण. कलमांना मोहर यायचा तो काळ, तेव्हा बागेची फवारणी कुणाकडे द्यायची ते आधी ठरवा. देवापुढच्या दिव्यासाठी किल्ली शेजारी द्या. वाडीतलं पाचवं कुलूप नको ही त्यांची धास्ती आहे, ती चार महिन्यांच्या तारखा आधीच कॅलेंडरवर लिहून दिल्यास निम्मी कमी होईल. लिहून द्या, तोंडी नको.

सामानात आमसुलं भरपूर घे, तुझ्यासाठी आणि शेजारणीसाठी. मी माँसांना आमसुलाचं सार दिलं होतं, त्यांनी ते वाटीला ओठ लावून हळूहळू संपवलं आणि संध्याकाळी ओढणीच्या टोकात बांधून सांगरी आणून दिली. आम्हाला एकमेकींचं बोलणं तोवर नीट कळतही नव्हतं.

डिसेंबरात मला पत्र लिही. पहाटे धोऱ्यावर लेकीनं कुणाकुणाची पावलं ओळखली, ते तिच्याकडूनच विचारून लिही.

तुझी,
ताई